दार कुणासाठी उघडायचं? ‘हायस्कूल ऑफ द डेड’वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे, मुद्देसूद आहे आणि चिडूनही सभ्य आहे. तिच्याखाली "धन्यवाद, मतभेद असायचेच" असं लिहून पळ काढणं बरं दिसलं नसतं. उत्तर लांबत गेलं, म्हणून स्वतंत्र पोस्टच टाकतोय.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘हायस्कूल ऑफ द डेड’ या २०१० सालच्या जपानी ॲनिमे (म्हणजे ॲनिमेशन) मालिकेबद्दल मी लिहिलं होतं, की झोंबींच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी तिचा पहिला भाग समोर ठेवून शिकावं, आणि तिच्यातलं अंगप्रदर्शन म्हणजे डोक्याला ताप आहे. त्यावर ताईंचं म्हणणं असं: ज्या गोष्टीने मालिका नासली तिला तू तीन शब्दांत गुंडाळलंस. रक्त आणि अंगप्रदर्शन वजा केलं तर बाकी शून्य. वर गोष्ट अर्धवट, मग बघायची कशाला? आणि शेवटी, "जपानी लोकांना सगळंच चालतं, पण तू ते आपल्या पोरांना का सांगतोस? माझा भाचा तुझा ब्लॉग वाचतो."

‘बाकी शून्य’पासून सुरुवात करतो, कारण माझं खरं भांडण तिथेच आहे.

पहिला भाग आठवा. शाळा भरलीय. ताकाशी कोमुरो तास बुडवून जिन्यावर रुसून बसलाय. लहानपणापासूनची मैत्रीण रेई आता त्याच्याच जिवलग मित्राबरोबर, हिसाशीबरोबर फिरते, एवढंच त्याचं दुःख. तिथून त्याला शाळेचं फाटक दिसतं. बाहेरून एक माणूस फाटकावर नुसता आदळतोय. शिक्षक जमतात. त्यातले एक दणकट सर गजांमधून त्या माणसाला धरतात आणि तो त्यांच्या हाताचा लचका तोडतो. सर तडफडून मरतात, जरा वेळाने उठतात आणि मदतीला वाकलेल्या बाईंच्या गळ्याला दात लावतात. वर्गात मात्र तास सुरूच आहे. ताकाशी धावत जाऊन रेईला ओढून बाहेर काढतो, तर सगळा वर्ग "याला काय झालं?" अशा नजरेने बघतोय.

मग लाउडस्पीकर सुरू होतो. शिक्षकाचा आवाज सांगतो की शाळेत हिंसक प्रकार घडलाय, विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या सूचनेनुसार बाहेर पडावं. वाक्य मध्येच तुटतं. माइक चालूच राहतो आणि त्यातून त्याच माणसाच्या किंकाळ्या, विनवण्या सगळ्या वर्गांत घुमतात. मग शांतता. पोरं खिळून बसलेली. आणि पुढच्या क्षणी अख्खी शाळा दारांकडे धावते. त्या चेंगराचेंगरीत मेलेल्यांची गरजच पडत नाही, जिवंत पोरंच एकमेकांना तुडवतात. हात घट्ट धरून "आपण कायम मैत्रिणी" म्हणणाऱ्या दोघी दिसतात. एकीचा पाय पकडला जातो, ती मैत्रिणीचा हात सोडत नाही, तेव्हा ती मैत्रीण तिला लाथ घालून स्वतःला सोडवते. मालिका तिथे थांबून रडत बसत नाही, हीच तिची ताकद.

हे फाटक जपानी प्रेक्षकाला आपल्यापेक्षा जास्त बोचतं. ८ जून २००१ला ओसाकाजवळच्या इकेदा इथल्या प्राथमिक शाळेत एक माणूस सुरा घेऊन शिरला आणि त्याने ८ मुलांचा जीव घेतला. त्यानंतर जपानभरच्या शाळांनी फाटकं बंद ठेवायला सुरुवात केली आणि घुसखोराला लांबून दाबून धरायला दुबेळक्याची लांब काठी आणून ठेवली. तिला ‘सासुमाता’ म्हणतात. मालिकेत ती काठीही आहे. मेलेल्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतं, हे पोरांनी तोवर ओळखलेलं असतं. शाळेच्या दारातल्या चपलांच्या कपाटांपाशी ‘ते’ घोळका करून उभे. ताकाशी एकटा त्यांच्यातून चालत जातो, एक बूट उचलून लांब भिरकावतो आणि घोळका आवाजाकडे वळतो. बाकीचे पाय न वाजवता दाराकडे सरकतात. आणि अगदी शेवटी एकाच्या हातातली सासुमाता जिन्याच्या कठड्यावर आपटते. ठण्ण! संरक्षणासाठी आणून ठेवलेली वस्तूच घात करते. हे लिहिणाऱ्याला ‘बाकी शून्य’ म्हणणं मला पटत नाही, ताई.

आता माझा मूळ मुद्दा, जो मागच्या वेळी मी पुरेसा उलगडला नव्हता. ही मालिका सगळी दारांबद्दल आहे. फाटकावर पहिला चावा. मग गच्चीवरचा अडथळा, ज्याच्या आत हाताला चावा बसलेला हिसाशी येतो आणि मेल्यावर ज्याला ताकाशीला बॅटने मारावं लागतं, तेही रेई "तो बदललेला नाही" म्हणून ओरडत असताना. मग शाळेची बस. तिच्यात चढायला शिदो नावाचे सर मुलांचा जथा घेऊन धावत येतात. एका मुलाचा पाय मुरगळतो, तो मदत मागतो, आणि सर त्याला लाथ मारून मागे येणाऱ्यांच्या तोंडी देतात. इकडे रेई ओरडतेय की त्यांना आत घेऊ नका, पण तिचं कुणी ऐकत नाही. पुढे पोलिसांनी अडवलेले पूल. रस्त्यावर ताणलेल्या तारा, ज्यांच्यात यांचीच गाडी अडकते. शेवटी ताकागी घराण्याची कोट बांधलेली हवेली. प्रत्येक टप्प्याला प्रश्न तोच: आत कुणाला घ्यायचं, ते कोण ठरवणार, आणि बाहेर राहिलेल्याचा आवाज किती वेळ ऐकून घ्यायचा? दिग्दर्शक तेत्सुरो अराकीने तीन वर्षांनी ‘अटॅक ऑन टायटन’ केलं. मूळ गोष्ट दुसऱ्याची असली तरी तिथेही भिंती आणि वेशी आहेतच, आणि त्या कशा दाखवायच्या याचा हात इथे बसलेला दिसतो.

जरा विषयांतर. आपली भुतं एकेकटी असतात. मुंजाचं काहीतरी राहिलेलं असतं, हडळीचं काहीतरी हवं असतं. नारळ द्या, उतारा टाका, काहीतरी बोलणं होऊ शकतं. जपानची जुनी भुतंही तशीच, सूड उगवायला आलेली. शिवाय तिथे मृतांचं दहन होतं, त्यामुळे कबरीतून उठणारा मुडदा तिथे रुजायचं कारणच नव्हतं. झोंबी हा प्रकार जॉर्ज रोमेरोच्या १९६८च्या सिनेमातून जगभर गेला आणि जपानने तो १९९६च्या ‘बायोहॅझर्ड’ या व्हिडिओ गेमने परत सगळ्या जगाला विकला. झोंबीला काही नको असतं, त्याच्याशी तडजोड होत नाही. म्हणून झोंबीची गोष्ट नेहमी जिवंत माणसांचीच होते, आणि लिहिणाऱ्याला माणसं कळत नसतील तर ती उघडी पडते.

या मालिकेला माणसं कळतात का? कधी कधी विलक्षण कळतात. दुसऱ्या भागात साया ताकागी, स्वतःला सगळ्यांत हुशार समजणारी पोरगी, अंगावर आलेल्याच्या डोक्यात ड्रिल मशीन चालवते. रक्ताने माखते. मग तिच्या तोंडून निघतं काय, तर गणवेश खराब झाला, आईला सांगून धुवायला द्यायला हवा. एवढं बोलते आणि मोडून पडते. जग बुडालंय हे तिच्या डोक्याला केव्हाच कळलेलं आहे. तिचा हुंदका फुटतो तो घरच्या धुण्याच्या आठवणीने. किंवा अकराव्या भागातली रेई. शिदो सरांमुळेच तिला मुद्दाम नापास करून त्याच वर्गात बसवलेलं असतं, कारण तिचे पोलीस वडील सरांच्या राजकारणी बापाच्या मागे लागलेले. आता हातात संगीन लावलेली बंदूक आहे, समोर सर आहेत, अडवणारं कुणी नाही, उलट "तूच ठरव" म्हणणारे आहेत. आणि ती मारत नाही. कुणी तिचं कौतुक करत नाही, भाषण देत नाही.

आता तुमचा पहिला मुद्दा. मी त्याला तीन शब्द दिले कारण त्याचा कंटाळा आला होता. पण तुम्ही विचारलंयत तर सविस्तर सांगतो.

सहावा भाग घ्या. सगळे जण डॉक्टरीणबाईंच्या, म्हणजे शाळेच्या नर्स शिझुकाच्या मैत्रिणीच्या घरी रात्रीपुरते पोचतात. ही मैत्रीण पोलिसांच्या खास पथकातली नेमबाज, म्हणून तिच्या कपाटात रायफली सापडतात. (जपानचा बंदुकीचा कायदा इतका कडक आहे की एरवी या पोरांच्या हाती बंदूक येणंच अशक्य. लेखकाने तेवढी काळजी घेतलीय.) भागाचा बराच वेळ आंघोळ, किंचाळ्या, हशा आणि अर्धवट कपडे यांत जातो. खाली बंद गल्लीत लोक मरताहेत आणि वर हे. मग गच्चीतून त्यांच्यातल्या कोहता हिरानोला एक बाप दिसतो, बरोबर लहान मुलगी. बाप एका घराचं दार ठोठावतो. मला राहू द्या, निदान पोरीला तरी आत घ्या. आतून उत्तर नाही. शेवटी दार फोडायची धमकी देतो. दार किलकिलं होतं, आणि त्या फटीतून त्याला भोसकलं जातं. मुलगी रडायला लागते, आणि रडणं म्हणजे आवाज. त्यांच्यातली तलवारबाज साएको थोड्या वेळापूर्वीच ताकाशीला बजावून गेलेली असते की सगळ्यांना वाचवायची आपली ताकद नाही, याची सवय करून घे. कोहता गोळी झाडतो. तोच ताकाशी मग मोटरसायकल घेऊन खाली उतरतो.

अख्ख्या मालिकेतला सगळ्यांत जबर प्रसंग हा. दार, बाप, सुरा, आणि दाराआडचे लोकही राक्षस नाहीत, घाबरलेले शेजारी आहेत. आणि त्याच्या आधी काय वाढून ठेवलं? ज्यांना इथपर्यंत थांबायचा धीर झाला नाही, त्यांना दोष कसा देणार? इथे तुमचं बरोबर आहे, आणि तुम्ही म्हणता त्याहून जास्त बरोबर आहे. अंगप्रदर्शन ताटाच्या कडेला ठेवलेली चटणी असती तर बाजूला सारता आलं असतं. ते नेमकं तिथे येतं जिथे गोष्ट सगळ्यांत तापलेली असते. आठव्या भागात तारांमध्ये अडकलेली गाडी, टपावरून आपटून जखमी झालेली रेई, चहूबाजूंनी गर्दी, सुटायचा मार्ग नाही. पूर्ण मालिकेतला कोंडी झाल्याचा सर्वोत्तम क्षण. आणि तिथेच बंदुकीची गोळी स्लो मोशनमध्ये साएकोच्या अंगाला वळसे घालत जाते. इंटरनेटवर त्या क्लिपची टिंगल होते ती रास्तच. भीती गेली, हसू आलं, आणि मालिकेने ते आपल्या हाताने केलं.

त्यापुढची गोष्ट मला जास्त खुपते. शिदो सर बसमधल्या मुलामुलींचा पंथ बनवतात, त्यांना नादी लावून त्यांचा वापर करतात. मालिका त्यांना नीच ठरवते, आणि ते आहेतच. पण ज्या नजरेने शिदो त्या मुलींकडे बघतो, कॅमेराही बाकीच्या भागांत त्याच नजरेने बघतो. त्या शाळकरी मुली आहेत. ‘चित्रंच तर आहेत’ हा बचाव मी करणार नाही. गोष्टीला त्याची कणभर गरज नव्हती. हीच माणसं विशीतली, नोकरी करणारी असती तरी प्रत्येक दार तसंच वाजलं असतं.

हे असं का झालं, याचं उत्तर अर्धं तरी पैशात आहे. रात्री उशिराच्या ॲनिमेला तेव्हा जाहिरातींचा मोठा आधार नसायचा. गुंतवणूकदारांची समिती टीव्हीची वेळ विकत घ्यायची आणि खर्च काढायची डीव्हीडी, ब्लू-रे विकून. महागडी डिस्क विकत घेणारा गिऱ्हाईक ठरावीक, आणि त्याला काय दिलं की तो घेतो याचे ठोकताळे बसलेले. मूळ मांगामध्ये, म्हणजे कागदावरच्या जपानी चित्रकथेतही हे सगळं आहे, पण मॅडहाउस स्टुडिओने त्याला हालचाल आणि आवाज देऊन वाढवलं. आणि मॅडहाउस काही सोमेगोमे नव्हेत. अराकीने ‘डेथ नोट’ तिथेच केली. पात्रांचं रेखाटन मासायोशी तानाकाचं, ज्याने पुढे २०१६च्या ‘युअर नेम’ची पात्रं घडवली. म्हणजे हात कसलेले होते, त्यांना वेगळं करता आलं असतं. म्हणूनच राग जास्त येतो.

तुम्ही ज्याला हात लावला नाहीत असा एक दोष माझ्याकडून जोडून घ्या: नायक. ताकाशी फिका आहे. तीन मुली त्याच्याभोवती का घुटमळतात याचं कारण फक्त ‘तो नायक आहे’ एवढंच दिसतं. साएको बुसुजिमाला तलवार चालवताना आनंद होतो आणि त्या आनंदाची तिला भीती वाटते, हे नवव्या भागात कळतं. मेलेली लहान मुलं अंगावर येताना तिचा हात थिजतो. इतकी गुंतागुंतीची मुलगी, आणि तिचा निकाल लागतो ताकाशीच्या एका समजुतीने. उलट जाडा, चष्मेवाला, बंदुकवेडा कोहता सगळ्यांत जिवंत उतरलाय. (त्याचं नाव ‘हेलसिंग’ या मांगाच्या लेखकावरून ठेवलंय; दोघा लेखकांची दोस्ती.) नंतर हवेलीत सायाचे वडील येतात, कडव्या राष्ट्रवादी संघटनेचे प्रमुख, आणि त्यांच्या शिस्तीवर मालिका जरा जास्तच भाळते. लेखक दाइसुके सातो मूळचा लष्करी आणि ‘इतिहास असा घडला असता तर’ छापाच्या कादंबऱ्यांचा माणूस. त्याच्या दुनियेत संकटकाळी कडक बाप लागतोच. मला ते पटत नाही, पण बाराव्या भागात अणुस्फोटाच्या विद्युत्‌चुंबकीय झटक्याने सगळी यंत्रं एकदम मरतात आणि हवेलीचा बंदोबस्त कोसळतो, तेव्हा त्या शिस्तीचंही दार टिकत नाही, हे लेखकाने दाखवलंय.

आता ‘अर्धवट’. हो, अर्धवटच. मांगा २००६ला ‘ड्रॅगन एज’ मासिकात सुरू झाला, मध्ये थांबला, पुन्हा सुरू झाला, २०११पासून जवळपास बंदच पडला, २०१३ला एक प्रकरण आलं आणि २२ मार्च २०१७ला दाइसुके सातो हृदयविकाराने गेला. वय ५२. सात खंडांवर गोष्ट लटकलेली आहे आणि ॲनिमेचे १२ भाग त्याच्याही आधी थांबतात. तुम्हाला शेवट हवाच असेल तर ही मालिका तुमच्यासाठी नाही, यात वाद नाही. मला स्वतःला झोंबीच्या गोष्टीचा शेवट क्वचितच आवडलाय. औषध सापडतं नाहीतर सगळे मरतात. ही पोरं आईबापांना शोधायला निघतात आणि वाटेतच राहतात, याचा मला तितका त्रास होत नाही.

"जपानी लोकांना सगळंच चालतं" हे मात्र सोडून द्या. अमुक लोकांना सगळं चालतं म्हटलं की तिथल्या लेखकांनी आपल्याच समाजाला काय सुनावलंय ते ऐकायची गरज उरत नाही, आणि या मालिकेत पोलीस, शिक्षक, राजकारणी, शेजारी कुणालाच सोडलेलं नाही. बंदी घालून तर काहीच साधत नाही. २०१५ला चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयाने ३८ ॲनिमे-मांगांची काळी यादी काढली, त्यात ही होती, आणि तिच्याच शेजारी ‘डेथ नोट’ आणि ‘अटॅक ऑन टायटन’ही होत्या. खोट आणि गुण एकाच पोत्यात.

राहिला भाचा. त्याचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. अठराच्या आत असेल तर नको, माझं नाव सांगून नको म्हणा. मूळ पोस्टच्या वर आता ‘फक्त प्रौढांसाठी’ असं ठळक टाकतोय. त्याला झोंबीच हवे असतील तर अराकीचीच २०१६ची ‘काबानेरी ऑफ द आयर्न फोर्ट्रेस’ आहे. वाफेच्या इंजिनाची चिलखती रेल्वे, तटबंदीची स्थानकं, चावा बसल्याचा संशय आला की डब्यातून बाहेर. दारांचा तोच खेळ, हा चावटपणा जवळपास वगळून. रक्त भरपूर आहे, तेव्हा आधी तुम्ही दोन भाग बघून ठरवा. उत्तरार्धात ती घसरते, हेही सांगून ठेवतो. शाळेतलेच झोंबी हवे असतील तर २०१५ची ‘स्कूल-लाइव्ह!’. तिच्याबद्दल काहीही न वाचता पहिला भाग शेवटपर्यंत बघायचा, एवढीच अट. आणि तुम्हाला स्वतःला, कधी वेळ झालाच तर, ‘हायस्कूल ऑफ द डेड’चा पहिला भाग परत एकदा बघा. २०११मध्ये समुद्रकिनाऱ्यावरचा एक जादा भाग मांगाच्या सातव्या खंडाबरोबर आला होता. त्याच्या बाजूने माझ्याकडे एकही शब्द नाही, तो राहू द्या.